अंगावर मांस नाही, तुम्हाला कसला मधुमेह!

मंडळी, गणपतीपासून इथे काही लिहिलं नाही म्हणून परवा पुतणीने फोन करून चांगलंच झापलं. आता कारण सांगूनच टाकते. आमच्या ह्यांना मधुमेह निघाला, आणि तो खरोखरच मधुमेह आहे हे डॉक्टरांना पटवण्यात माझे तीन महिने गेले.

हे पहिल्यापासून काटकुळे. लग्नात माझ्या मावशीने "मुलगा जरा बारीकच आहे" म्हणून नाक मुरडलं होतं. वजन जन्मात ५६ किलोच्या वर गेलं नाही. श्रावणात ह्यांच्या पँटी ढिल्या व्हायला लागल्या. रात्री तीन-चारदा उठणं, उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा. काट्यावर ५१ भरले. रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर १४८ आणि जेवणानंतर २३६.

आमचे नेहमीचे डॉक्टर हसले. "आजोबा, अंगावर मांस नाही, तुम्हाला कसला मधुमेह! या वयात एवढी साखर चालायचीच. गोड कमी करा." दुसऱ्यांनी रात्रीच्या उठण्याचं खापर प्रोस्टेटवर फोडलं आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं. ह्यांना तर बरंच वाटलं. मला मात्र झोप येईना.

मी पडले इतिहासाची बाई. काही अडलं की मागे जाऊन बघायचं, ही ३४ वर्षांची सवय. वाचनालयातून चरकसंहितेचं मराठी भाषांतर आणलं. लघवी मधासारखी होते म्हणून मधुमेह, तिला मुंग्या लागतात, एवढं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण चरकाने प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितलेत हे मला माहीत नव्हतं. एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याचं शोधन करायचं, दुसऱ्याचं पोषण. म्हणजे बारीक माणसालाही हा रोग होतो, आणि त्याचे उपचार वेगळे, हे आपल्याकडे इतकं जुनं ज्ञान!

युरोपात थॉमस विलिसने ही गोडी नोंदवली १६७४ च्या सुमारास. ती साखरच आहे हे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये लघवी आटवून दाखवलं. टोरांटोत १९२१ मध्ये इन्सुलिन हाती लागलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. पुढे १९३६ मध्ये लंडनच्या हिम्सवर्थने दाखवलं की काही रोग्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देतं, काहींचं देत नाही. चरकाचे दोन रोगी आणि हिम्सवर्थचे दोन रोगी तंतोतंत एक नव्हेत, पण सगळे मधुमेही एका साच्यातले नसतात हे दोघांनाही दिसलं होतं.

मग "थोडी साखर चालायचीच" हे आलं कुठून? त्यालाही इतिहास आहे. रोगाची रेषा माणसांनीच आखलेली. १९८० च्या आसपास उपाशीपोटी १४० ही हद्द होती, अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने १९९७ मध्ये ती १२६ वर आणली. पण आमचे १४८ तर जुन्या हद्दीच्याही पलीकडचे! शिवाय उतारवयातल्या मधुमेहात साखर आटोक्यात ठेवून खरंच फायदा होतो का, यावर डॉक्टरांमध्येच कित्येक वर्षं वाद होता. ब्रिटनमध्ये ५,००० हून अधिक रोग्यांचा वीस वर्षं चाललेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

आणि बारीकपणाचं म्हणाल तर उत्तर आपल्या पुण्यातच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तेच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक, आतून चरबीदार अशी आपली ठेवण. काटा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

हे सगळं बरोबर घेऊन तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले. इतिहास सांगितला नाही, डॉक्टरांना शिकवायला गेलं की ते चिडतात. वहीचं एकच पान पुढे ठेवलं. तारीख, वजन, साखर, रात्रीचं उठणं. आणि विचारलं, "डॉक्टर, हेच आकडे एखाद्या जाड माणसाचे असते तर तुम्ही काय केलं असतं?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग ह्यांना मोजे काढायला सांगितले. तीन महिन्यांत पायांना हात लावणारे हे पहिले डॉक्टर. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, लघवीतली प्रथिनं, डोळ्यांचा पडदा, सगळं लिहून दिलं. बारीक माणसाचं वजन असं उतरलं की स्वादुपिंडही बघावं लागतं, म्हणून सोनोग्राफीही. ती स्वच्छ निघाली तेव्हा मी तिथल्याच बाकावर बसून रडले. सरासरी ९.२ आली, ६.५ ला मधुमेह धरतात. डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल आहेत. म्हणजे हा पाहुणा बरीच वर्षं घरात राहत होता.

आता गोळ्या सुरू आहेत, वजन ५३ वर आलंय. म्हाताऱ्या माणसाची साखर फार खाली आणणंही धोक्याचं असतं, हेही त्याच डॉक्टरांनी नीट समजावलं. दिवाळीत ह्यांनी अर्धी करंजी खाल्ली आणि उरलेली अर्धी माझ्या ताटात ठेवली.

आमच्या घराण्यातल्या सगळ्या काटकुळ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तपासून घ्या. आणि डॉक्टर हसले तर वही काढा.