रीफ टँकमध्ये शेवाळ माजलं? औषध ओतण्याआधी हे वाचा

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा असा टँक, ज्यात माशांसोबत जिवंत प्रवाळही पाळले जातात. पहिले काही आठवडे सगळं छान दिसतं. मग एक दिवस वाळूवर तपकिरी थर येतो. काही दिवसांनी दगडांवर हिरवे केस उगवतात, नाहीतर सगळीकडे लालसर बुळबुळीत चादर पसरते.

इथे बरेच जण घाबरतात आणि शेवाळ मारायचं औषध आणून ओततात. शेवाळ जातं, पण ज्या कारणाने ते आलं ते तसंच राहतं. थोड्या दिवसांनी शेवाळ परत येतं. दरम्यान महागामोलाचे प्रवाळ मात्र दगावलेले असू शकतात.

म्हणून आधी हे समजून घेऊ, की शेवाळ येतं कुठून आणि त्याला आवरायचं कसं.

शेवाळ येतंच का?

शेवाळाला उजेड लागतो आणि खत लागतं. खत म्हणजे मुख्यतः नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि साधं नळाचं पाणी यातून ही दोन्ही टँकमध्ये येतात. उजेड तर प्रवाळांसाठी आपणच लावलेला असतो.

नळाच्या पाण्याचा हिशोब अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, २०० लिटरच्या टँकमधून रोज २ लिटर पाण्याची वाफ होते आणि तुम्ही तेवढंच नळाचं पाणी वरून घालता. वाफ होताना शुद्ध पाणी उडून जातं, क्षार आणि फॉस्फेट मागे राहतात. १०० दिवसांत तुम्ही तब्बल २०० लिटर नळाच्या पाण्यातला ऐवज टँकमध्ये साठवलेला असतो. बोअरवेलचं पाणी असेल तर आणखी जास्त.

मग शेवाळाचं खाणं पूर्णच तोडलं तर? तेही चालत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे, पण बहुतेक रीफ प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणजे ज्याला वाचवायचं आहे तोही शेवाळावरच जगतो. त्यामुळे टँकमधलं सगळं शेवाळ संपवणं हे ध्येय असूच शकत नाही. ते ताब्यात ठेवायचं असतं.

टेस्ट किट शून्य दाखवतं, मग शेवाळ कसं?

कारण खत पाण्यात उरतच नाही, शेवाळ ते आल्या आल्या खाऊन टाकतं. किट फक्त पाण्यातलं मोजतं, शेवाळाच्या पोटातलं नाही. म्हणून टँक हिरवागार असताना आलेल्या शून्यावर विश्वास ठेवू नका.

साधारणपणे रीफ टँकमध्ये नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवतात. आकडा नेमका किती आहे यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं.

आधी ओळखा, मग उपाय करा

सगळ्यालाच आपण शेवाळ म्हणतो, पण टँकमध्ये दिसणारे प्रकार वेगवेगळे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर उलटू शकतो.

• डायटम: नव्या टँकमध्ये येणारा तपकिरी, भुकटीसारखा थर. सिलिकेटवर वाढतो. पाणी शुद्ध असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातो. इथे घाई करू नका.

• हिरवे केस: दगडांवरचे लांब हिरवे धागे. जास्त खताचं सरळ लक्षण. हाताने उपटा, खत कमी करा, शेवाळ खाणारे प्राणी सोडा.

• बबल अल्गी: काचेच्या मण्यांसारखे हिरवे फुगे. फोडण्यापेक्षा अख्खे उचकटा आणि शेजारी पाइप धरून ओढून घ्या. एमराल्ड खेकडा हे खातो.

• लाल चादर: हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. जिथे पाणी फारसं हलत नाही आणि घाण साठते तिथे हे पसरतात. चादर सायफनने ओढून घ्या आणि पाण्याचा प्रवाह वाढवा.

• डायनोफ्लॅजेलेट: तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. सगळ्यात त्रासदायक प्रकार. यातल्या काही जाती विषारी असतात. गोगलगायी पटापट मरू लागल्या तर आधी यांचा संशय घ्या.

डायटम आणि डायनो दिसायला सारखेच. फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे. थोडा नमुना टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा धागे जुळले तर बहुधा डायनो आहेत. ओळखीतल्या कुणाकडे मायक्रोस्कोप असेल तर खात्री करून घ्या.

डायनोचं गणित उलटं का?

कारण ते अनेकदा टँक 'जास्तच स्वच्छ' झाल्यावर येतात. नायट्रेट, फॉस्फेट खरोखर शून्यावर गेलं की त्यांच्याशी जागेसाठी भांडणारे इतर जीव उपाशी मरतात आणि मैदान मोकळं होतं. अशा वेळी पाणी बदलत राहिलं तर परिस्थिती आणखी बिघडू शकते. इथे फॉस्फेट शोषणारी माध्यमं काढून टाकतात, माशांचं खाणं थोडं वाढवतात आणि दोन्ही आकडे वर येऊ देतात. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही स्टरिलायझर चांगला लागू पडतो. वाळूला चिकटून राहणाऱ्या जातींवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. टँकमध्ये हात घालताना ग्लोव्ह्ज घाला.

हिरव्या केसांसाठी काय करायचं?

१. पाणी: मीठ कालवायला आणि वरून भरायला आरओ-डीआयचं, शून्य टीडीएसचं पाणी वापरा. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. त्यात डीआय फिल्टर नसतो, आणि चवीसाठी बऱ्याच मशीनमध्ये थोडे क्षार पुन्हा मिसळलेले असतात.

२. हात: जमेल तितकं शेवाळ उपटून बाहेर काढा. त्याच्यासोबत त्याने खाल्लेलं खतही बाहेर जातं. औषधाने मेलेलं शेवाळ मात्र आतच कुजतं आणि खत परत पाण्यात सोडतं.

३. खाणं: फ्रोझन खाणं वितळवून, गाळून, त्याचं पाणी फेकून मगच घाला. काही मिनिटांत संपेल इतकंच द्या.

४. पाणी बदलणं: १० टक्के पाणी बदललं तर नायट्रेट ४० वरून ३६ वर येतं, बस. म्हणून एकदाच थोडं बदलून चमत्काराची वाट पाहू नका. दर आठवड्याला सातत्य ठेवा आणि वाळूतली घाण ओढून घ्या.

५. स्पर्धक: सम्पमध्ये दिव्याखाली कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवतात. जे खत डिस्प्ले टँकमधल्या शेवाळाने खाल्लं असतं ते हे खातं. वाढलं की कापून टाकायचं.

६. सफाई कामगार: टर्बो गोगलगायी, टक्सिडो अर्चिन, मोठ्या टँकमध्ये टँग मासे. धागे लांब वाढलेले असतील तर अनेक जण तोंड लावत नाहीत, म्हणून आधी उपटा, मग यांना सोडा.

यात काही आठवडे जातात. फॉस्फेट एकदम खाली आणू नका. शेवाळ टिकतं आणि प्रवाळ पांढरे पडतात, असंही होतं.

मग औषध कधीच वापरायचं नाही?

शेवटचा पर्याय म्हणून, आणि प्रकार नक्की ओळखल्यावरच. सायनोवर काही जण एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक वापरतात. ते टँकमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतं. शिवाय एकदम खूप शेवाळ मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि रात्रीतून मासे मरू शकतात. वापरलंच तर एअर पंप चालू ठेवा.

समुद्रातही हेच घडलंय

जमैकाच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळाचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच कमी झाले होते आणि सगळी भिस्त डायडेमा नावाच्या काळ्या सी अर्चिनवर होती. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. १९८३ मध्ये रोग येऊन जवळपास सगळे डायडेमा मेले. शेवाळाला खाणारं कुणी उरलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिवंत प्रवाळ ५ टक्क्यांच्याही खाली आले होते. आपल्या काचेच्या पेटीतला सफाई कामगार एवढा महत्त्वाचा का, याचं उत्तर यात आहे.

काढलेलं शेवाळ कुठे टाकायचं?

नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात अजिबात नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टँकमध्ये वाढवलं जाणारं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रात दिसलं आणि तिथून भूमध्य समुद्रात पसरत गेलं. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं. ताडपत्रीने झाकून, त्याखाली क्लोरीन सोडून ते संपवायला २००६ साल उजाडलं. म्हणून काढलेलं शेवाळ उन्हात कडकडीत वाळवा आणि सुक्या कचऱ्यासारखं बांधून कचरागाडीत द्या.

आणखी एक गोष्ट. मेलेले प्रवाळ बदलायला समुद्रावरून उचलून आणू नका. भारताच्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडाही गुन्हा ठरू शकतो. दुकानातून घेतानाही तो कुठून आला हे विचारा आणि कागदपत्रं मागा.

शेवाळ दिसलं की बाटलीकडे हात नेण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे नेमकं काय आहे? याला खत कुठून मिळतंय? आणि याला खाणारं टँकमध्ये कुणी आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाली तर बहुतेक वेळा बाटली उघडायची वेळच येत नाही.