येरवड्याच्या मैदानावरचे पेट्रोल

येरवडा म्हटले की बहुतेकांना तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. विमाने काही आठवत नाहीत. पण टाटांच्या हवाई टपालसेवेचे पावसाळी बिऱ्हाड एके काळी याच येरवड्यात असे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ जातीचे छोटे विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले आणि ही सेवा सुरू झाली. जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्याला हलवायचा आणि तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून टपाल न्यायचे.

पहिल्या उड्डाणात अहमदाबादला इंधन आले ते बैलगाडीतून, बर्मा-शेलच्या चार-चार गॅलनांच्या डब्यांत. चार गॅलन म्हणजे सुमारे 18 लिटर. जुन्या रॉकेलच्या डब्याएवढे. डब्यातले पेट्रोल असे किती दिवस चांगले राहते? प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. विमानाला इंजिन एकच, जवळ रेडिओ नाही आणि खाली सह्याद्री. कार्बुरेटरचे बारीक छिद्र बुजले, तर उतरायला सपाट जागा कुठे शोधणार?

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतली हलकी संयुगे आधी उडून जातात. गार इंजिन चटकन सुरू होते ते त्यांच्यामुळेच. म्हणून जुन्या पेट्रोलची उष्णता देण्याची ताकद फारशी घटलेली नसते, पण ते पेट घ्यायला कुरकुरते.

दुसरे दुखणे डिंकाचे. 1913 पासून अमेरिकेत बर्टनच्या पद्धतीने जड तेलाचे रेणू उष्णतेने व दाबाने तोडून जास्त पेट्रोल काढू लागले. अशा पेट्रोलमध्ये दुहेरी बंधाची संयुगे पुष्कळ असतात. त्यांच्याशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावतो, पेरॉक्साइडे बनतात आणि शेवटी चिकट डिंक तयार होतो. तांब्याचा स्पर्श झाला तर हे काम आणखी लवकर होते. आपल्या भाषेत सांगायचे तर पेट्रोल खवट होते, आणि ही उपमा नुसती शोभेची नाही. खाण्याचे तेल खवट होते तेही बव्हंशी ऑक्सिजनमुळेच. वर्गात पेट्रोल मुळीच आणू नये. त्याऐवजी काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचा पातळ थर देऊन ती उघडी ठेवावी, असे आम्ही सुचवू. काही दिवसांत बोटाला चिकटणारा पापुद्रा तयार होतो. 1930 च्या सुमारास पेट्रोलमध्ये ऑक्सिडीभवन रोखणारी द्रव्ये मिसळू लागले, ती याच पापुद्र्याला अटकाव करण्यासाठी.

आणि तिसरे पाणी. अर्धवट भरलेल्या डब्यातली दमट हवा रात्री गार होते आणि तळाशी थेंब जमतात. त्या काळचे वैमानिक फनेलवर कमावलेले मऊ कातडे ठेवून पेट्रोल गाळत. पेट्रोलने भिजलेले कातडे पाण्याला खाली जाऊ देत नाही. साधाच उपाय, पण पुण्याच्या पावसात त्याचे मोल समजते. 1933-34 च्या सरकारी विमान खात्याच्या अहवालाने या सेवेच्या वक्तशीरपणाची मुद्दाम स्तुती केली. घाटातल्या भर पावसाच्या महिन्यांतही एकदासुद्धा टपाल चुकले नव्हते.

येरवड्याजवळच आगाखान पॅलेस आहे. तो बांधणाऱ्या तिसऱ्या आगाखानांनी 1929 मध्ये इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंडांचे बक्षीस जाहीर केले. 1930 च्या मे महिन्यात कराचीहून निघालेले जे. आर. डी. आणि लंडनहून निघालेले सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर यांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगसाठी अडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा जादा प्लग दिला आणि काही तासांच्या फरकाने शर्यत अस्पींनीच जिंकली! पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

या शर्यतीतही इंधन साधेच होते. त्याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे 29 सप्टेंबर 1931 रोजी इंग्लंडमध्ये ताशी 400 मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडणाऱ्या सुपरमरीन एस. 6 बी विमानाचे इंधन: 60 टक्के मिथेनॉल, 30 टक्के बेंझॉल, 10 टक्के अॅसिटोन आणि किंचित शिशाचे संयुग. यातल्या मुख्य द्रव्यांचे उत्कलनबिंदू पाहा. अॅसिटोन 56, मिथेनॉल 65, बेंझॉलमधले बेंझिन 80 अंश सेल्सिअस. बूच उघडे राहिले की तिन्ही वेगवेगळ्या गतीने उडतात, म्हणजे डब्यातली कृतीच बदलते. त्यात मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. साधे इंजिन एवढा फरक पोटात घालते. काठावर चालवलेले शर्यतीचे इंजिन घालत नाही, त्याचे दट्टे फुटतात. म्हणून आजही शर्यतीचे इंधन काठोकाठ भरलेल्या, बूच घट्ट असलेल्या पत्र्याच्या पिंपात, सावलीत ठेवतात. आयसोऑक्टेनसारखी स्थिर द्रव्ये मुख्य असतील तर ते वर्ष-दोन वर्षे टिकते. पिंप उघडल्यावर मात्र हिशेब महिन्यांचा. मिथेनॉलचे इंधन तर उघडले की लवकर संपवलेलेच बरे.

पंपावरचे आपले पेट्रोलही आता या दुसऱ्या घराण्याकडे थोडे झुकले आहे. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याकडे पुष्कळसे उसापासूनचे. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात आणि वर उरते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. कातड्याची चाळणी येथे उपयोगी नाही, कारण विरघळलेले पाणी थेंब होऊन दिसतच नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या स्कूटरची टाकी त्यामुळे रिकामी करावी, किंवा काठोकाठ भरून ठेवावी; अर्धी मात्र ठेवू नये.