गरम हायड्रोजनचा शोध
जळगाव-धुळ्याच्या मंडळींना उष्णता शिकवायला नको. आपला मे महिना म्हणजे साधारण ३१८ केल्व्हिन. आजचा हायड्रोजन वायू त्याच आसपासचा, कधी हजारापर्यंत जाणारा. त्याचा रेणू दोन सारख्या अणूंचा, म्हणून प्रकाश फारच कमी देतो, तोही अवरक्त. आणि अवरक्त बराचसा आपली हवाच अडवते. टीआयएफआरने हैदराबादहून बलूनने अवरक्त दुर्बीण वर पाठवली, ती याच हवेमुळे.

२००३ मध्ये स्पिट्झर दुर्बीण अवकाशात गेली. २००७ मध्ये थ्रीसी ३२६ या रेडिओ-दीर्घिकेत असा वायू निघाला, किती? शंभर कोटी सूर्यांइतका! एवढा कच्चा माल, अन् तारे जवळपास बनतच नाहीत. २०१० मध्ये ओगल आणि सहकाऱ्यांनी ५५ रेडिओ-दीर्घिका तपासल्या. १७ मध्ये हेच चित्र. कृष्णविवराजवळून सुटणारे झोत वायू ढवळत राहतात, निवू देत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.