डॅश कॅमचा पार्किंग मोड

पार्किंग मोड : मोटारगाडी बंद करून उभी केलेली असताना तिच्या आसपासच्या घडामोडी टिपण्याची डॅश कॅममधील सोय. डॅश कॅम हा समोरच्या काचेला आतून चिकटवलेला छोटा व्हिडिओ कॅमेरा. इंजिन चालू असताना तो अखंड चित्रण करतो आणि मेमरी कार्ड भरले की सर्वांत जुन्या फाइली पुसून त्यांच्या जागी नव्या लिहितो. चावी बंद केली की साधी जोडणी असलेला डॅश कॅमही बंद होतो. पण बंपरला ठोकर मारून पसार होणे, आरसा मोडणे, दारावर चरा ओढणे हे प्रकार घडतात ते मालक जवळ नसताना, गाडी उभी असतानाच. त्या वेळी कॅमेरा जागा राहावा म्हणून पार्किंग मोड असतो. त्याला दोन गोष्टी लागतात : गाडी बंद झाल्याचे ओळखून चित्रणाची पद्धत बदलणारा कॅमेरा, आणि इंजिन बंद असतानाही मिळत राहणारी वीज. पहिली गोष्ट खोक्यातून विकत मिळते. दुसरी प्रत्येक गाडीत वेगळी जुळवावी लागते. रात्रभर जागा राहणारा कॅमेरा आणि सकाळी एका चावीत सुरू होणारी गाडी ही दोन्ही एकाच बॅटरीकडून हवी असतात. म्हणून या विषयात कॅमेऱ्यापेक्षा विजेचा विचार आधी करावा लागतो.

प्रसार : दक्षिण कोरियात डॅश कॅमला सर्रास ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात. ब्लॅकव्ह्यू, थिंकवेअर ही पार्किंग मोडसाठी ओळखली जाणारी नावे तिथलीच. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर फुटलेल्या उल्केची चित्रणे तेथील गाड्यांमधल्या डॅश कॅमनी टिपली आणि हे साधन जगभर माहीत झाले. टेस्ला कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सेंट्री मोड’ आणला. त्यात गाडीचे स्वतःचे कॅमेरेच उभ्या गाडीभोवती नजर ठेवतात. भारतात ह्युंदाईच्या एक्स्टरसारख्या (२०२३) छोट्या गाड्यांच्या वरच्या श्रेणींतही कारखान्यातून बसवलेला डॅश कॅम मिळू लागला. तरीही बहुसंख्य भारतीय गाड्यांत तो बाहेरून विकत घेऊन बसवला जातो आणि पार्किंग मोडची जोडणी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातावर अवलंबून राहते.

चित्रणाच्या पद्धती : (१) धक्क्यावर : कॅमेरा झोपल्यासारखा असतो आणि त्यातला त्वरणमापक, म्हणजेच जी-सेन्सर, धक्का जाणवल्यावर त्याला उठवतो. वीज सर्वांत कमी लागते. पण जागे व्हायला काही क्षण जातात आणि तेवढ्यात ठोकणारी गाडी निघून गेलेली असू शकते. (२) हालचालीवर : दृश्यात काही हलले की फाइल जपली जाते. चांगल्या कॅमेऱ्यात बफर असतो, त्यामुळे घटनेच्या आधीचे काही सेकंदही मिळतात. मात्र बफरसाठी कॅमेरा सतत चालू लागतो, म्हणून विजेची बचत फारशी होत नाही. (३) टाइमलॅप्स : दर सेकंदाला एक चित्र घेऊन ते सेकंदाला ३० या वेगाने जोडले, तर १० तासांची रात्र २० मिनिटांत पाहता येते. (४) कमी बिटरेटचे अखंड चित्रण : दर्जा थोडा उतरवून, पण एकही क्षण न गाळता. काही महाग संचांत रडारही असते. कोणी जवळ आल्याचे ओळखून ते कॅमेऱ्याला उठवते आणि एरवी वीज अगदी कमी खाते.

पद्धत निवडताना गाडी कुठे उभी राहते ते पाहावे. भर रस्त्याकडेला हालचालीवरचे चित्रण ठेवले, तर प्रत्येक रिक्षा आणि प्रत्येक पादचाऱ्यासाठी एक फाइल तयार होते. सोसायटीच्या आवारात गाडी पुसणारा माणूस पहाटे टपावर फडके मारतो तेवढ्याने जी-सेन्सर चाळवतो, आणि महिन्याभरात ‘धक्क्याच्या’ जपून ठेवलेल्या फाइलींनी कार्ड भरून जाते. तो संवेदक मंद केला, तर मुंगीच्या पावलांनी मागे येत बंपर घासून जाणारी शेजारची गाडी त्याच्या नजरेतून सुटते. तशा घासण्यात धक्का फार कमी असतो. उभ्या गाडीचे नुकसान अनेकदा अशा सावकाश घासण्यानेही होते. म्हणून दाट पार्किंगसाठी टाइमलॅप्स किंवा कमी बिटरेटचे अखंड चित्रण अधिक भरवशाचे ठरते.

विजेचे गणित : उन्हात तापणाऱ्या काचेमागे लिथियम बॅटरी टिकत नाही, म्हणून अनेक डॅश कॅममध्ये सुपरकपॅसिटर असतो. त्यातली साठवण शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरती, काही सेकंदांची असते. पार्किंग मोडची सगळी वीज बाहेरूनच यावी लागते.

पेट्रोल-डिझेल गाडीची १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी सहा कोशांची असते. काही तास स्वस्थ राहिल्यावर पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.४ ला ती अंदाजे तीन चतुर्थांश, १२.२ ला निम्मी, तर १२ च्या खाली गेल्यावर जवळपास रिकामी समजावी. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो. ही बॅटरी स्टार्टरला क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू खोलवर रिकामी होणे तिला मानवत नाही. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते.

आता हिशेब. एका कॅमेऱ्याचा डॅश कॅम १२ व्होल्टवर साधारण ०.३ अँपिअर घेतो असे धरू. १० तासांच्या रात्रीत ३ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एवढे सहज झेपते. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी काढली, तर सुमारे ६० तासांत १८ अँपिअर-तास जातात, म्हणजे अर्ध्याहून जास्त. पुढचा-मागचा असे दोन कॅमेरे ०.५ अँपिअर घेत असतील, तर तेवढ्याच वेळात ३०. शिवाय गाडीचे कुलूप, अलार्म, घड्याळ यांचा बारीक प्रवाह अहोरात्र चालू असतोच. बॅटरी तीन-चार वर्षे जुनी असेल, तर छापील ३५ मधले कितीतरी आधीच कमी झालेले असतात. गणपतीला कोकण रेल्वेने गावी गेलेल्या कुटुंबाची गाडी आठवडाभर सोसायटीत उभी राहते. तिच्या बॅटरीवर तेवढे दिवस कॅमेरा चालणे शक्य नाही. तसेच रोज दहा-पंधरा मिनिटेच चालणाऱ्या गाडीत रात्री गेलेली वीज दिवसा पुरती भरून येत नाही आणि बॅटरी दिवसेंदिवस उतरत जाते.

वीज घेण्याचे मार्ग : (१) हार्डवायर किट : फ्यूज बॉक्समधून १२ किंवा २४ व्होल्ट घेऊन कॅमेऱ्याला ५ व्होल्ट देणारा छोटा संच. त्यात बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) ठरावीक पातळीखाली गेला की कॅमेरा बंद करणारा कट-ऑफ असतो. सर्वांत रूढ मार्ग हाच. (२) ओबीडी केबल : स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या निदान-सॉकेटमधून वीज. १६ व्या पिनवर बॅटरीचा धन आणि ४ थ्या पिनवर बॉडीचा ऋण असतो, त्यामुळे फ्यूज बॉक्सला हात लावावा लागत नाही. कट-ऑफ असलेलीच केबल घ्यावी. सर्व्हिसच्या वेळी ती काढावी लागते. (३) स्वतंत्र बॅटरी पॅक : इंजिन चालू असताना भरणारा आणि गाडी उभी असताना फक्त कॅमेऱ्याला वीज देणारा लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच. गाडीची मूळ बॅटरी पूर्ण सुरक्षित राहते. किंमत जास्त, पण रोज लांब पल्ला आणि रात्री रस्त्यावर मुक्काम असणाऱ्यांना हाच मार्ग योग्य. (४) मोबाइलची पॉवर बँक : टाळावी. उन्हात बंद गाडीत ठेवलेली लिथियम-आयन पॉवर बँक फुगण्याचा, पेट घेण्याचा धोका असतो.

जोडणी : तीन तारांच्या किटमध्ये एक तार कायम वीज असलेल्या फ्यूजला, दुसरी (एसीसी) चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी अर्थिंगला जाते. पिवळी, लाल व काळी असे रंग वारंवार दिसतात, तरी भरवसा लेबलावर ठेवावा. एसीसी तार कॅमेऱ्याला वीज पुरवण्यासाठी नसते. गाडी चालू आहे की बंद, हे ती सांगते. दोन्ही तारा कायम विजेला जोडल्या, तर गाडी सतत चालूच आहे असे समजून कॅमेरा रात्रभर पूर्ण दर्जाचे चित्रण करतो. दोन्ही एसीसीला जोडल्या, तर चावी काढताच तो बंद पडतो. पार्किंग मोड ‘लागत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेकदा या दोनांपैकी एकात सापडते.

कायम विजेसाठी पार्किंग इंडिकेटर, आतला दिवा किंवा सेंट्रल लॉकचा फ्यूज घेतात. एसीसीसाठी १२ व्होल्ट सॉकेटचा. एअरबॅग, एबीएस, इंजिन नियंत्रण यांच्या फ्यूजना हात लावू नये. मल्टिमीटरने चावी बंद व चालू असताना दोन्हीकडे दाब मोजावा, आणि गाडी लॉक करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावा. काही नव्या गाड्या ‘कायम’ वाटणारी वीजही थोड्या वेळाने तोडतात. तार कापून सांधण्यापेक्षा फ्यूज टॅप वापरणे चांगले : मूळ फ्यूज व कॅमेऱ्याचा २-३ अँपिअरचा फ्यूज दोन्ही त्याच आधारात बसतात आणि उद्या तो काढला तर गाडी होती तशी होते. फ्यूज काढल्यावर दोन खाचांपैकी एकाच खाचेत बॅटरीचा दाब दिसतो. दोन्ही फ्यूजना वीज त्या खाचेतून मिळेल अशी टॅपची दिशा ठेवावी, म्हणजे कॅमेऱ्याचा भार मूळ फ्यूजवर पडत नाही. अर्थिंग बॉडीच्या धातूत बसलेल्या, रंग नसलेल्या बोल्टला करावे. बॅटरीच्या ऋण टोकावर संवेदक असलेल्या गाड्यांत तार थेट त्या टोकाला लावू नये, नाहीतर कॅमेऱ्याने घेतलेली वीज संवेदकाच्या मोजणीत येत नाही.

काचेपासून खाली येणारी तार छताच्या अस्तरात खोचून दाराजवळच्या खांबातून उतरवतात. या खांबात पडदा-एअरबॅग असेल, तर तार तिच्या मागून न्यावी. समोरून आडवी नेलेली तार एअरबॅगच्या उघडण्यात अडथळा आणू शकते. नीट दिसण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी महत्त्वाची आहे, आणि घाईच्या कामात तीच राहून जाते.

कट-ऑफची निवड : बहुतेक किटमध्ये ११.८ ते १२.४ व्होल्टच्या दरम्यानचे पर्याय असतात. जास्त वेळ चित्रण मिळावे म्हणून ११.८ निवडणे म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी होऊ देणे. रोजच्या वापरासाठी १२.२ किंवा १२.४ ठेवावे आणि बॅटरी जुनी असेल तर १२.४ च. त्याला वेळेच्या मर्यादेची जोड द्यावी : घरी रात्री १० ते १२ तास पुरतात. लांब तारेत दाब थोडा पडत असल्याने किटला प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दिसतो, म्हणून कॅमेरा अपेक्षेआधी बंद झाला तर लगेच किटला दोष देऊ नये. ट्रकसारख्या २४ व्होल्टच्या वाहनांत दाबाचे हे सर्व आकडे दुप्पट धरावेत.

विद्युत मोटारींतही दिवे, लॉक यांसाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती मोठ्या बॅटरीपासून भरली जाते. ती लिथियम प्रकारची असेल, तर वरचे आकडे लागू पडत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब बराच काळ १३ व्होल्टच्या आसपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. १२.४ चा कट-ऑफ तेथे फार उशिरा जागा होतो. वेळेची मर्यादाच खरी उपयोगाची.

उष्णता व मेमरी कार्ड : विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड बाहेरच्या ४५ अंशांहून कितीतरी जास्त तापतो. अनेक कॅमेऱ्यांची कामाची मर्यादा ६० ते ७० अंश सेल्सिअस असते. पुढे ते स्वतःला बंद करतात. भर उन्हात पार्किंग मोड बंद ठेवून सावलीत आणि रात्री वापरावा. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे घ्यावे, कारण साधी कार्डे सततच्या लेखनाने लवकर निकामी होतात. सेकंदाला ३० मेगाबिट दराने तासाला १३.५ गिगाबाइट लागतात. १२८ गिगाबाइटचे कार्ड त्या दराने १० तासांच्या आतच भरते आणि दिवसाच्या प्रवासाचे चित्रण रात्रीच्या रिकाम्या आवाराखाली पुसले जाते. टाइमलॅप्सचा हा आणखी एक फायदा.

कायदा व खासगीपणा : भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना विहित प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलीचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. म्हणून घटना घडल्यावर कार्ड तातडीने काढून बाजूला ठेवावे, मूळ फाइल कापू-जोडू नये, मोबाइलवर पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असणेही तितकेच आवश्यक. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी डॅश कॅमचे चित्रण दिवाणी खटल्यात ग्राह्य धरले, पण कारणाशिवाय अखंड चित्रण करणे तेथील विदासंरक्षण कायद्यात बसत नाही असेही म्हटले. नेदरलँड्सच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने सेंट्री मोडची चौकशी केली. टेस्लाने त्यात केलेले बदल २०२३ मध्ये जाहीर झाले. आपल्या आवारातही हा विचार लागू आहे : कॅमेरा शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला नसावा, आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद असावे आणि नुकसानाशी संबंध नसलेली चित्रणे कोणाला पाठवू नयेत.

मर्यादा : पुढचा-मागचा कॅमेरा असूनही दारांच्या बाजू फारशा दिसत नाहीत. रात्री अंधुक प्रकाशात नंबरप्लेट काही मीटरांपलीकडे वाचता येत नाही, आणि समोरून दिवे पडले तर जवळचीही झगझगाटात दिसेनाशी होते. म्हणून जोडणी झाल्यावर एक चाचणी जरूर करावी : नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी गाडी लावून रात्रीचे चित्रण काढून पाहावे आणि समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो का ते तपासावे. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बॅटरीचा दाबही मोजावा. नंबर वाचता आला आणि दाब १२.४ च्या वर असला, तर कॅमेरा आणि बॅटरी या दोघांचाही मेळ बसला असे समजावे. दर पावसाळ्याआधी आणि बॅटरी बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी.