महागड्या गाडीची वॉरंटी नाकारली? तो नकार आधी लेखी घ्या

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेलं लेखी वचन. ठरलेल्या वर्षांत किंवा किलोमीटरमध्ये बनावटीतल्या दोषामुळे पार्ट बिघडला, तर तो फुकट दुरुस्त करून किंवा बदलून मिळतो. झीज, अपघात, पाणी, भेसळीचं इंधन आणि बाहेर केलेली छेडछाड यात धरत नाहीत. भांडण इथेच होतं. बिघाड एकच असतो, पण तो ‘दोष’ की ‘मार’ हे सर्व्हिस सेंटर ठरवतं आणि फोनवर सांगून मोकळं होतं, “सर, हे वॉरंटीत बसत नाही.”

पांढरकवड्यासारख्या गावात हे जास्त जड जातं. गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. जिनिंगवाल्यांच्या, व्यापाऱ्यांच्या दारात मोठ्या गाड्या दिसतात. पण अशा ब्रँडचं वर्कशॉप गाठायला सुमारे दीडशे किलोमीटरवरचं नागपूर. गाडी फ्लॅटबेडवर चढून जाते आणि पुढचं सगळं फोनवर चालतं. गाडी बाबांची किंवा काकांची असली तरी फोन नीट हाताळणारे घरात तुम्हीच असता, म्हणून पुढचं काम तुमच्याकडेच येणार.

गाडी सोडण्याआधी फोनने काय करायचं

गाडी ट्रकवर चढायच्या आधी एक सलग व्हिडिओ काढा. डॅशबोर्डवरचा इशारा, किलोमीटर, इंजिनाचा आवाज, चारही बाजू आणि वाकून जेवढी दिसेल तेवढी खालची बाजू, सगळं त्यात येऊ द्या. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख, वेळ, ठिकाण ही लपलेली माहिती गळून पडते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची जागा आहे. मूळ फाइल बदलली की ठसाही बदलतो.

फोनपेक्षा मोठा साक्षीदार गाडीतच बसलेला असतो. आजच्या गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. बिघाड झाला की इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, एक कोड साठवतो. ‘पी’ने सुरू होणारा कोड इंजिन-गिअरचा, ‘सी’ चॅसिसचा, ‘बी’ बॉडीचा आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क तुटलेला. काही कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही साठते. त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, कूलंट किती तापलं होतं, हे त्यात असतं. ब्लूटूथचं स्वस्त स्कॅनर फोनला जोडून इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचता येतात. लक्झरी गाडीचा गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शन वाचायला मात्र बहुतेकदा कंपनीचंच यंत्र लागतं. कोडचा स्क्रीनशॉट घ्या, पण ॲपमधलं ‘क्लिअर’ बटण दाबू नका. साक्षीदाराला आपणच घरी पाठवल्यासारखं होईल.

वर्कशॉपमध्ये जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. आणि दुरुस्तीआधीचा पूर्ण डायग्नोस्टिक रिपोर्ट मागा, कारण काम झाल्यावर कोड पुसणं हा त्यांच्या रोजच्या पद्धतीचाच भाग असतो.

नकार कागदावर आणा

तोंडी नकाराविरुद्ध लढता येत नाही, कारण उद्या तो बदलतो. त्याच दिवशी डीलर आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल टाका. मजकूर एवढाच पुरे:

“जॉब कार्ड क्रमांक अमुक. आपण वॉरंटी दुरुस्ती नाकारल्याचं फोनवर कळवलं. कृपया वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमानुसार नाकारली, कोणत्या तपासणीवरून हा निष्कर्ष काढला, आणि त्याचे फोटो व डायग्नोस्टिक रिपोर्ट सात दिवसांत लेखी द्यावेत. काढलेला पार्ट माझ्या लेखी परवानगीशिवाय टाकून देऊ नये.”

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, ते गाळू नका. उत्तर आलं नाही, तर तो ईमेलच तुमचा पुरावा.

माझ्या मामांच्या गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्या वर्षी अडकायला लागला. सेंटरने सांगितलं, “खालून दगड लागलाय.” आम्ही लिफ्टवर उचललेल्या गाडीचे फोटो मागितले. खालच्या संरक्षक पत्र्यावर ओरखडा होता, पण गिअरबॉक्सच्या खोक्याला खरचटलेलंही नव्हतं. शिवाय याच तक्रारीचं आठ महिन्यांपूर्वीचं जॉब कार्ड आमच्याकडे होतं. ते जोडून ईमेल केल्यावर कंपनीने पार्टची बरीचशी किंमत ‘गुडविल’ म्हणून सोसली. पण सोबत आलेल्या फॉर्ममध्ये ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असे शब्द होते. मामांनी ते खोडून मगच सही केली. गुडविल घ्यायला हरकत नाही, फक्त फॉर्म वाचा.

नेहमीची कारणं

“बाहेर सर्व्हिसिंग केलं, वॉरंटी संपली” हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला. त्यांत मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. त्या आदेशात आयोगाने म्हटलं की स्वतंत्र गॅरेजकडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडावरून पुढे अपिलांची लढाई झाली, पण ईमेलमध्ये मांडायला हा मुद्दा भक्कम आहे. बाहेरच्या मेकॅनिकने वायपर बदलला म्हणून टर्बोची वॉरंटी का जावी? बाहेरच्या कामाचं पक्कं बिल मात्र हवं.

“मार लागलाय” असं लेखी मिळालं तर लगेच विमा कंपनीलाही कळवा. बाहेरचा मार असेल तर तो विम्याचा विषय होतो आणि विम्याचा सर्व्हेअर येऊन पाहतो. त्याने “हा मार नाही” असं लिहिलं, तर तोच कागद वॉरंटीसाठी उपयोगी पडतो.

“ईसीयूला छेडलंय” हे कारण खरं असेल तर वाद कठीण. रीमॅप करून जादा ताकद काढली की सॉफ्टवेअरमध्ये खूण राहते, मूळ फाइल परत टाकली तरी ती सापडू शकते. रील पाहून कुणी ट्यूनिंगला निघालं असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबवा.

ग्राहक आयोग

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. तिथे नाही भागलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९. या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे पांढरकवड्याच्या माणसाला यवतमाळच्या जिल्हा आयोगात. मात्र गाडीसाठी ५० लाखांपेक्षा जास्त मोजले असतील तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. दुरुस्तीचं बिल चार लाखांचं असलं तरी मोजली जाते ती गाडीसाठी दिलेली किंमत. २० ते ५० लाखांच्या गाडीला तक्रारीची फी १,००० रुपये, त्यापुढे १ कोटीपर्यंत २,०००. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या भरता येते, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओ कॉलवरही होऊ शकते. मुदत दोन वर्षांची.

गाडी फर्मच्या नावावर असेल तर “हा व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही” असा बचाव येतो. ९ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीजच्या दोन प्रकरणांत तो फेटाळला. संचालकांच्या वापरासाठी घेतलेली गाडी म्हणजे आपोआप व्यापारी हेतू होत नाही. त्यातलं एक प्रकरण मुंबईच्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजचं होतं, अपघातात एअरबॅग न उघडल्याचं.

नवी गाडीच हवी, असा हट्ट मात्र जपून धरा. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर अख्खी गाडी मागता येत नाही. हैदराबादच्या एका कंपनीने २००९ मध्ये घेतलेल्या बीएमडब्ल्यूचं प्रकरण फौजदारी वाटेने गेलं आणि जुलै २०२४ मध्ये ५० लाखांच्या भरपाईवर मिटलं. मधे पंधरा वर्षं.

तक्रारीत डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा आणि दोघांची चूक वेगवेगळी लिहा. गोव्यात एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल सांगून २००९ ची, आधीच चाललेली गाडी विकली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला सोडलं, कारण डीलरच्या या कृत्याची तिला माहिती होती असं तक्रारीतून सिद्ध झालं नाही.

दोष नुसत्या नजरेला दिसत नसेल तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. ईमेलमधलं ते पार्ट न टाकण्याचं वाक्य यासाठीच. भंगारात गेलेला गिअरबॉक्स कुणालाच तपासता येत नाही.