रबराचे ऋण आणि क्रोमची झळाळी

जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार करावयाचा म्हटला की मालकाचे लक्ष प्रथम वळते ते तिच्या क्रोमकडे. बंपर, दिव्यांची कडी, खिडकीखालची चकाकती पट्टी एवढी उजळली म्हणजे गाडी नवी झाली, असा सार्वत्रिक समज आहे. काचेभोवतीचे काळे रबर कोणाच्या नजरेत भरत नाही. वस्तुतः गाडीचे आयुष्य अधिककरून त्या रबरावरच अवलंबून असते. या दोन पदार्थांचा इतिहास पाहिला, तर हा पंक्तिप्रपंच आजचा नव्हे, हे ध्यानात येते.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक बनते. गंधकासह तापविलेल्या रबरात हे दोष राहत नाहीत, असे १८३९ मध्ये अमेरिकेतील वोबर्न येथे चार्लस गुडइयर यास आढळून आले. १८४४ मध्ये त्याला तेथे पेटंट मिळाले. परंतु इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक याने आदल्याच वर्षी अर्ज केला होता व तेथील हक्क त्याच्याकडेच राहिला. अमेरिकेतही पेटंटाचे उल्लंघन करणारे पुष्कळ निघाले. त्यांपैकी होरेस डे याच्याविरुद्धचा दावा १८५२ मध्ये ट्रेंटन येथे चालला. गुडइयरच्या बाजूने उभा राहिला डॅनियल वेब्स्टर, जो त्या वेळी अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. डेच्या बाजूस रूफस चोट हा तितकाच नामांकित वकील होता. न्यायमूर्ती ग्रायर यांनी निकाल गुडइयरच्या बाजूने दिला. आम्हां वकिलांना तो खटला वेब्स्टरच्या नावामुळे व त्याने घेतलेल्या भरघोस मेहनतान्यामुळे स्मरतो. अशील मात्र १८६० मध्ये डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचे कर्ज ठेवून वारला. हुकूमनामा मिळणे आणि वसुली होणे यांत किती अंतर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. गुडइयरचे नाव धारण करणारी टायरची कंपनी १८९८ मध्ये निघाली; तिच्याशी त्याच्या कुटुंबाचा काही संबंध नव्हता.

क्रोमियम धातूचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ याने १७९७ मध्ये लावला. पण मोटारीवर तो चढला त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. तोवर पितळ घासावे लागे व निकेल काळवंडत असे. कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांनी क्रोमचा मुलामा व्यवहारात आणला आणि १९२६ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. तथापि जी झळाळी आपण पाहतो, तिचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यात सूक्ष्म भेगा असतात. गंजापासून खरे रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा जाड थर. येथेही कष्ट एकाचे आणि कौतुक दुसऱ्याचे!

रबराचे मरण हळूहळू येते. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याला चिरा पडतात. पाणी आत झिरपून काचेच्या चौकटीत साचते व पत्रा आतून कुजू लागतो. रंगाला फोड येईतो हे कळतही नाही. कोकण-गोव्याच्या पावसात व खाऱ्या हवेत तर हा नाश अधिकच त्वरेने होतो. म्हणून काच काढून पत्र्याची कड प्रथम गंजमुक्त करावी, तिला अस्तराचा रंग द्यावा, मगच नवे रबर बसवावे. त्याच्या एका खाचेत काच बसते. दुसऱ्या खाचेत दोरी घालून, साबणाचे पाणी लावून, एकाने बाहेरून तळहाताने दाबावे व दुसऱ्याने आतून दोरी सावकाश ओढावी, म्हणजे रबराची ओठाळी कडेवर चढत जाते. रबरात खोचावयाची चकाकती पट्टी असल्यास ती अगदी शेवटी.

क्रोमच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाम्याच्या हौदातून उठणाऱ्या आम्लाच्या तुषारांनी कारागिरांच्या नाकातील पडद्यास भोके पडतात. त्या हौदातील षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये दिला. तेव्हा जुना थर शाबूत असेल तर चार ओरखडे राहू द्यावेत; आणि मुलामा अटळच असेल, तर तुषार शोषून घेणारी यंत्रणा जेथे आहे, अशाच कारखान्याकडे काम द्यावे, मग दाम अधिक पडला तरी चालेल.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली; तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. आता अशा गाड्या राखण्याचा भार हौशी मालकांवर आहे. त्यांनी खर्चाची यादी करताना रबर पहिल्या ओळीत लिहावे, एवढीच विनंती.