गाडीला घरच्या घरी मडफ्लॅप कसे लावायचे? काळ्या मातीच्या गावांत ‘ही’ चूक टाळाच!

जून-जुलैचे दिवस. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं डोणगाव. शेतातून पांदण रस्त्याने बाहेर पडलेली कार डांबरी रस्त्याला लागते, थोडा वेग घेते आणि खालून थपथप आवाज सुरू होतो. चाकांना चिकटलेल्या चिखलाचे गोळे दारांवर, बंपरवर आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर उडू लागतात.

यावर सोपा आणि स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे मडफ्लॅप. बहुतेक गाड्यांना ते घरच्या घरी बसवता येतात आणि चारही चाकांचं काम एखाद-दोन तासांत उरकतं. पण काळ्या मातीच्या भागात ते चुकीचे बसवले, तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. ते कसं, हे समजून घेऊया.

मडगार्ड आणि मडफ्लॅप एकच का?

बोलताना आपण दोन्ही शब्द सर्रास वापरतो. पण मडगार्ड म्हणजे चाकावरचं कमानीसारखं आवरण. कारमध्ये ते बॉडीचाच भाग असतं. चाकाच्या मागे खाली लोंबणारी रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी म्हणजे मडफ्लॅप. दुकानात कुठलाही शब्द वापरला तरी चालतं, मात्र गाडीचं मॉडेल आणि वर्ष नक्की सांगा.

पुढच्या चाकामागचा फ्लॅप दारांचा खालचा भाग आणि दाराखालची पट्टी वाचवतो. मागचा फ्लॅप बंपर वाचवतो आणि मागून येणाऱ्यांनाही.

चिखल पांदणीत चिकटतो, पण उडतो डांबरीवर. असं का?

विदर्भातली काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. म्हणूनच ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला, चपलेला, बैलाच्या खुराला सोडत नाही.

आता थोडं गणित. चाक फिरताना त्यावरचा चिखल बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट, तर जोर चौपट. साधारण ३० सेंटीमीटर त्रिज्येचं चाक धरलं, तर ताशी १५ किमी वेगाला हा जोर चिखलाच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ६ पट असतो. ताशी ६० किमीला तोच ९० पटींच्या पुढे जातो. पांदणीत घट्ट बसलेला गोळा मोठ्या रस्त्यावर सुटतो तो यामुळे. त्यात एखादा खडा अडकलेला असेल, तर तोही तितक्याच वेगाने निघतो.

कोणते फ्लॅप घ्यायचे?

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला म्हणजे तुमच्या मॉडेलसाठीच साच्यात बनवलेले. ते गाडीच्या मूळ स्क्रूच्या छिद्रांवर बसतात, त्यामुळे बहुतेक वेळा ड्रिल लागत नाही. दुसरा प्रकार कुठल्याही गाडीला चालणाऱ्या सपाट पट्ट्यांचा. त्या कापून आणि छिद्रं पाडून बसवाव्या लागतात. स्वतः पहिल्यांदाच काम करणार असाल, तर पहिला प्रकार घ्या.

जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावण्याचा जुगाड मात्र टाळा. ट्यूबचं रबर फार मऊ असतं. गाडी रिव्हर्स घेताना ते चाकाखाली सापडतं आणि स्क्रूसकट उपटून निघतं.

लावायचे कसे? टप्प्याटप्प्याने

१. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चाक काढायची गरज सहसा पडत नाही. पडलीच, तर जॅक ठरलेल्या जागीच लावा आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका.

२. स्टिअरिंग वळवा. डाव्या पुढच्या चाकासाठी पूर्ण डावीकडे, उजव्यासाठी पूर्ण उजवीकडे. असं केलं की चाकाची मागची कड आत जाते आणि हात घालायला जागा होते.

३. चाकाची कमान धुऊन काढा. ही पायरी अनेक जण गाळतात. वाळलेला थर आधी पाण्याने भिजवा, मग ब्रशने काढा. सळई किंवा खुरप्याने खरवडलं, तर गंजरोधक लेप निघून जातो. आत गंज दिसला, तर त्याचा बंदोबस्त आधी करा.

४. मूळ स्क्रू आणि क्लिपा काढा. कमानीच्या आतल्या प्लास्टिक अस्तराच्या कडेला त्या असतात. स्क्रूड्रायव्हर पुरतो, काही गाड्यांना पान्याची किंवा चांदणीच्या आकाराच्या बिटची गरज लागते. कोणता स्क्रू कुठला होता, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

५. फ्लॅप लावून बघा. डावा-उजवा आणि पुढचा-मागचा वेगवेगळे असतात. छिद्रं जुळली की सगळे स्क्रू आधी हाताने अर्धे फिरवा, फ्लॅप सरळ करा आणि मगच एकेक करून आवळा. प्लास्टिकमध्ये जास्त जोर लावला तर आटे जातात.

६. ड्रिल करावंच लागलं तर? फक्त प्लास्टिक अस्तरात करा आणि मागे काय आहे ते आधी पाहा. मागच्या चाकाजवळ इंधन भरण्याची नळी, वायरी किंवा ब्रेकची लाइन असू शकते. पत्र्याला छिद्र पाडू नका. तिथूनच गंज सुरू होतो आणि वॉरंटीचाही प्रश्न येऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: फट

शीर्षकातली चूक हीच. चिखल अजिबात उडू नये म्हणून अनेक जण फ्लॅप चाकाला अगदी खेटून लावतात. मुरमाड रस्त्यावर ते खपून जातं. काळ्या मातीत मात्र चाक आणि फ्लॅप यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो, वाळून कडक होतो आणि टायरला घासू लागतो. शिवाय फ्लॅपच्या मागे ओल धरून राहते आणि पत्रा आतून गंजतो.

म्हणून बसवल्यावर तीन गोष्टी तपासा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे लागतो का, हे पाहा. मागे माणसं बसवून किंवा पोती ठेवून गाडी दबल्यावर फ्लॅप जमिनीला टेकतो का, हे पाहा. आणि टायर-फ्लॅपच्या मधून हात सहज फिरतो का, हेही पाहा. खाली टेकत असेल, तर आखूड फ्लॅप घ्या.

पांदण ते समृद्धी

याच मेहकर तालुक्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. म्हणजे सकाळी पांदणीत १५ च्या वेगाने रुतत चाललेली गाडी दुपारी महामार्गावर असू शकते, जिथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. सैल फ्लॅप त्या वाऱ्यात फडफडतो आणि वळून टायरला लागू शकतो. त्यामुळे बसवल्यावर आधी गावातल्या रस्त्यावर चार-पाच किमी चालवून आवाज ऐका. साधारण १०० किमी झाल्यावर स्क्रू पुन्हा तपासा.

आणखी एक गोष्ट. रिमच्या आत एका बाजूला चिखल साठला की चाकाचा तोल बिघडतो आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. फ्लॅप लावलेले असले तरी हे होतं. महामार्गावर जाण्याआधी रिम आतून धुऊन घ्या.

पोलीस किंवा आरटीओ अडवतील का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. मडफ्लॅपमुळे तसा बदल होत नाही. पुढे लावलेल्या लोखंडी बुलबारची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. मात्र फ्लॅपमुळे नंबरप्लेट किंवा दिवे झाकले जाणार नाहीत, याची काळजी घ्या.

फ्लॅप लावले म्हणजे झालं?

नाही. पुढच्या गाडीने उडवलेला खडा तुमचे फ्लॅप अडवू शकत नाहीत. तो त्या गाडीच्या फ्लॅपनेच अडतो. रस्त्यावर सांडलेल्या मातीचंही तसंच आहे. पावसात डांबरीवर पसरलेली काळी माती साबणासारखी निसरडी होते आणि दुचाकी घसरते. त्यामुळे पांदणीतून वर येताना दोन मिनिटं थांबा, चाकांचे मोठे गोळे काठीने पाडा आणि मगच रस्त्याला लागा. पावसाळाभर आठवड्यातून एकदा फ्लॅपच्या मागचा चिखल ओला असतानाच पाण्याने काढून टाका. एकदा वाळला, तर तोच चिखल काढायला अर्धा दिवस जातो.